खालच्या विहिरीचा ओवरसियर

आमच्या गावातल्या मोठ्या चौकाला ज्यांचं नाव दिलं आहे त्यांनी हयातभर काय केलं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांची पत्रं मीच लिहीत होतो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चौक काय, कुणाच्याही नावाचा असतो. मला लिहायचं आहे ते रहेमतुल्ला ओवरसियरबद्दल. त्याच्या नावाचा आमच्या गावात साधा बोळ नाही, आणि त्याच्यामुळे निम्मं गाव आजही खालच्या विहिरीचं पाणी बिनघोर पितं. गावाचं नाव मी सांगणार नाही. चिखलीहून सात कोस, कापसाचा बाजार, दोन जिनिंग आणि एक म्युनिसिपल कमेटी, एवढ्यावर ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, मोठे हुकूम नागपूरहून यायचे, आणि मी त्या कमेटीचा हेडक्लार्क होतो. माझं नाव नारायणराव. त्या काळात मी जो भित्रेपणा केला तोही या लिहिण्यात येणार आहे, त्याला इलाज नाही.

रहेमतुल्ला झारेकऱ्याचा मुलगा. झारेकरी म्हणजे सराफांच्या दुकानांपुढची धूळ आणि त्यांच्या मोरीतला गाळ उचलून त्यातून सोन्याचांदीचा कीस काढणारी माणसं. सोनार दिवसभर घासतो, ठोकतो, हात धुतो, आणि त्या हात धुण्यातून जे मोरीत जातं त्यावर या घरांची चूल पेटते. रहेमतुल्लाचा बाप लवकर वारला. मग त्याची आई अमीनाबी एकटीच सराफ ओळीत बसायची, पुढ्यात लाकडाची उथळ काठवट. काठवटीत चार ओंजळी गाळ, वर पाणी, आणि मनगटाला असा गोल हिसका की हलकं ते काठावरून वाहून जावं आणि जड ते मधोमध येऊन बसावं. नाकाला पदर लावून माणसं तिच्यापुढून जायची. तिनं या कामावर मुलाला शिकवलं, नागपूरच्या इंजिनियरिंगच्या शाळेत पाठवलं, आणि मुलगा लाल टोपी, काळा कोट घालून आमच्याच कमेटीचा ओवरसियर होऊन परत आला.

गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यातून या माणसाला रस्ते नि पूल यांचं काही वेड नाही, वेड गटाराचं. सकाळी उठून गटाराच्या कडेनं चालायचं, काठी बुडवून बघायची, काचेच्या बाटल्यांत पाणी भरून खिडकीत ओळीनं मांडायचं आणि कुठल्या बाटलीचा गाळ किती वेळात खाली बसतो ते लिहून ठेवायचं. कचेरीत एकानं मुद्दाम माझ्यादेखत विचारलं, "काहो ओवरसियर, गटारात सोनं पाहून राह्यले काय?"

"सोनं माह्या मायनं पाह्यलं," रहेमतुल्ला म्हणाला. "मी घान पाहून राह्यलो. तुम्ही तं दोन्ही न पाहता टाकून देता."

डोकं मात्र असं की बघत राहावं. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचा भुगा उडून गटारात पडायचा, त्याचा गोधडीसारखा थर व्हायचा आणि मोऱ्या तुंबायच्या. लोखंडी जाळीला कमेटी तयार नव्हती. यानं बाभळीच्या वाळल्या काट्यांची फणी बांधली, गटारात तिरपी रोवली, आणि सगळा कापूस काट्यांना लटकला. मुकादम निवृत्ती आठवड्यातून एकदा फणी उचलायचा, झटकायचा, परत रोवायचा. बाजाराच्या तोंडाशी वाळू अडवायला यानं एक गोल खड्डा केला, त्यात पाणी कडेला घासून शिरेल असं सोडलं. वाळू आपोआप मधोमध गोळा. अमीनाबीनं तो खड्डा बघितला आणि एवढंच म्हणाली, "काठवट मोठी केली वाटते." आणि घरी गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. गावाचं सगळं पाणी एका मोठ्या गटारात यायचं आणि गावाबाहेर सत्यभामाबाईच्या मळ्याच्या बांधाशी पसरायचं. तिथे डासांचं राज्य होतं, आणि वास वरच्या आळीपर्यंत यायचा. अध्यक्ष भगवंतराव हे जिनिंगचे मालक. त्यांनी ठरवलं की दगडी गटार बांधून ते पुढे नेऊन नाल्यात सोडायचं. वास गेला, प्रश्न मिटला. पण नाल्यात जिथे ते पडणार, त्याच्या खाली चाळीस पावलांवर काठालाच खालची विहीर. मोमीनपुरा आणि माळीपुरा, दोन्ही वस्त्या त्याच एका विहिरीवर, कारण बाकीच्या विहिरी मचूळ. त्या विहिरीचे झरे येतात नाल्याच्या रेतीतून. नाल्यात ओतलेलं विहिरीत येतं हे सांगायला ओवरसियर लागत नाही.

आणि हे नुसतं अंदाजाचं बोलणं नव्हतं. आदल्या वर्षी श्रावणात बांध फुटून गटार एक दिवस नाल्यात गेलं होतं. नवव्या दिवशी खालच्या दोन्ही वस्त्यांत पटकी आली. सतरा माणसं गेली. सत्यभामाबाईचा नवरा इंद्रभान त्यात गेला, आणि रहेमतुल्लाची धाकटी बहीण नसीमा, वय एकोणीस. सकाळी पोटात कळ आली आणि संध्याकाळी तिला नेलं. रहेमतुल्ला तेव्हा पुलाच्या मोजणीला मेहकरकडे गेला होता. तो आला तेव्हा माती झाली होती.

कमेटीच्या बैठकीत तो उभा राहिला. नोकर माणसानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, पण हा बोलला.

"काऊन हो ओवरसियर," भगवंतराव म्हणाले, "गटार नाल्यात नाई सोडाचं तं काय देवघरात सोडाचं?"

"नाल्यात सोडा. पन घान काढून सोडा. मी टाकी बांधून देतो. पानी फिरते, गाळ खाली बसते, वरचं पानी रेतीतून गाळून शेताले जाते. उरलं तरच नाल्यात."

"कोन्या पुस्तकात आहे ही टाकी?"

"पुस्तकात नाई. माह्या मायच्या काठवटीत आहे."

सगळे हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो. नकाशा वरच्या कचेरीत पाठवला तो दीड महिन्यानं परत आला. शेरा होता, "अशी टाकी कोठे बांधल्याचे आढळत नाही, सबब मंजूर करता येत नाही." मी तो रहेमतुल्लाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "नारायणराव, पहिली विहीर खंदली तवा त्या मानसाले दुसरी कोठं आढळली असन?"

शेवटी भगवंतरावांनीच गंमत म्हणून परवानगी दिली. आपल्या खर्चानं बांधा, कमेटीच्या जागेवर नको, दगडी गटार पुरं होईपर्यंत मुदत. जागा कोण देणार? सत्यभामाबाईनं दिली. ही बाई विधवा झाल्यावर एकटीनं मोट चालवत होती, वांगी आणि ऊस लावत होती, आणि तिच्या तोंडाला गावातला एकही दलाल लागत नसे. बांधाकडची पडीक पट्टी दाखवून ती म्हणाली, "घ्या भाऊ. पन एक ध्यानात ठेवा. मले तुमची टाकी नाई पाह्यजे, मले विहीर पाह्यजे. टाकी नाई चालली तं मीच पह्यले तोडीन."

रहेमतुल्लानं सायकल विकली, भट्टीवरच्या तुटक्या विटा उचलल्या, चुना स्वतः मळवला. टाकी बारा फूट रुंद, गोल. तळ बशीसारखा मध्ये खोल, खोलगट जागी भोक आणि त्याला लाकडी गुडदी, म्हणजे बूच. गटाराचं पाणी मध्ये न ओतता बाजूनं, भिंतीला घासून आत यायचं, म्हणजे सगळं पाणी गरगर फिरायला लागायचं. पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. पाणी फिरलं. जड ते मधोमध बसलं, कापूस आणि पालापाचोळा वर आला. पण धड जड नाही आणि धड हलकं नाही असं जे मधलं, ते पाण्यात तसंच राहिलं, गावातल्या पुढाऱ्यांसारखं. बाहेर पडणारं पाणी दुधासारखं पांढुरकं आणि तितकंच घाण. एक तास थांबले, दोन तास थांबले, फरक नाही. लोक घरी गेले.

तीन दिवस रहेमतुल्ला टाकीच्या काठावर बसून होता. चौथ्या दिवशी सत्यभामाबाईचं गुऱ्हाळ चालू होतं. तिनं त्याला रस प्यायला बोलावलं. हा रस न पिता काहिलीकडे बघत बसला. उसाचा रस उकळत होता, तोही असाच गढूळ, काळपट. बाईनं रानभेंडीच्या ठेचलेल्या काड्यांचं बुळबुळीत पाणी त्यात ओतलं, आणि बघता बघता सगळा मळ गोळा होऊन वर आला, मधला रस सोन्यासारखा. झाऱ्यानं मळी काढून टाकत ती म्हणाली, "असे काय पाहून राह्यले? भेंडी टाकल्याबिगर मळी काय आपल्या मनानं वर येते?"

हा माणूस पेला तिथेच ठेवून उठला आणि भेंडीच्या काड्या घेऊन पळाला. बाई मागून ओरडली, "रस तं पिऊन जा, बाप्पा!"

पंधरा दिवसांत टाकी नवी झाली. टाकीत पाणी शिरतं त्या तोंडावर भोक पाडलेलं मडकं, त्यातून भेंडीचं पाणी थेंब थेंब पडणार. काठापासून हातभर आत टिनाची गोल झालर, अर्धी पाण्यात बुडालेली, म्हणजे वर आलेली मळी आतच अडकावी आणि झालरीखालचं निवळ पाणीच बाहेर जावं. पुढे विटांच्या तुकड्यांचा आणि रेतीचा थर, मग उसाचं शेत. गाळ गुडदी काढून खड्ड्यात, वाळवून खत. सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, ते पाणी घालायला त्यानं सत्यभामाबाईला साफ मनाई केली. "जे कच्चं खातात त्याले हे पानी नाई," तो म्हणायचा. ती चिडायची, पण ऐकायची. नवा नकाशा काढला तेव्हा खाली त्यानं लिहिलं, "कल्पना: अमीनाबी झारेकरी व सत्यभामाबाई माळी. मांडणी: रहेमतुल्ला." मी म्हटलं, बाबा, हे खोड, वर हसतील. तो म्हणाला, "हसू द्या. खोटं लिहू काय?" आणि खोडलं नाही.

दगडी गटार पुरं होत आलं. पौषात वरच्या कचेरीतला मोठा साहेब तपासणीला येणार असं कळलं. साहेबानं टाकी पसंत केली तर गटार टाकीतून, नाही तर सरळ नाल्यात, असं कमेटीनं लिहून दिलं. म्हणजे त्या एका सकाळवर विहीर टांगली गेली.

आता आमच्या गावाची एक रीत ऐका. साहेब येणार म्हटलं की आम्ही आधी गटारं धुतो. कोणीही साहेब असो, शाळा तपासणारा का असेना, गटारं धुवायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, फिनेल शिंपडायचं. गटाराच्या टाकीची तपासणी आहे, गटार घाण असलंच पाहिजे, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. भगवंतरावांच्या आलं असेल तर ते बोलले नाहीत. धुण्याचा हुकूम माझ्याच अक्षरात निघाला. निवृत्तीनं कापड ओळीच्या वर मातीची पोती टाकून दोन दिवसांची घाण अडवून ठेवली आणि खालचं गटार विहिरीच्या पाण्यानं लख्ख केलं. खालच्या वस्तीच्या बायांनीही काही कमी केलं नाही. टाकीच्या काठानं सडा घातला, रांगोळी काढली.

साहेब आला. टाकीत स्वच्छ पाणी शिरत होतं आणि टाकीतून स्वच्छ पाणी बाहेर पडत होतं. साहेबानं दोन्हीकडे बघितलं आणि विचारलं, पाणी आधीच साफ आहे, मग टाकी कशाला? भगवंतराव रुमालामागे हसले.

रहेमतुल्लाचा चेहरा काळवंडला. त्यानं निवृत्तीला विचारलं, "निवृत्ती, घान कुठं ठेवली?"

निवृत्तीनं अध्यक्षांकडे बघितलं आणि मान खाली घातली. रहेमतुल्लानं बूट काढले, विजार गुडघ्यावर सारली आणि गटाराच्या काठानं वर चालू लागला. कापड ओळीच्या वर पोती दिसली. तो सरळ गटारात उतरला आणि हातांनी एकेक पोतं उपसून बाहेर फेकलं.

दोन दिवसांचं गाव एकदम खाली आलं. वासानं साहेब मागे सरला, कारकून पळाले. टाकी इतक्या घाणीसाठी बांधलेलीच नव्हती. पाणी झालरीच्या वरच्या काठापर्यंत चढलं, विटा कुरकुरल्या. मडक्यातले थेंब कुठे पुरणार! सत्यभामाबाईनं भेंडीच्या पाण्याच्या दोन बादल्या उचलून धडाधड आत ओतल्या. अमीनाबी काठाला उभी राहून फिरणाऱ्या पाण्याकडे बघत होती, तिचं मनगट आपोआप हलत होतं. पंधरा मिनिटं घाण बाहेर पडली, मग गढूळ, मग फिकट, आणि तासाभरानं रेतीखालून जे पाणी आलं त्यात हाताच्या रेषा दिसत होत्या. खालच्या वस्तीनं आरोळी ठोकली. मला खोटं बोलायचं नाही, माझ्याही अंगावर काटा आला.

रहेमतुल्लानं पेला भरून साहेबापुढे धरला. तेव्हा भगवंतराव म्हणाले, "इतकं साफ आहे तं पिऊन दाखवा."

साहेबाला ती कल्पना आवडली. तो म्हणाला, एक घोट घे, मी आत्ता सही करतो.

एक घोट! एवढंच बाकी होतं. बाया म्हणायला लागल्या, पी भाऊ, पी. रज्जाक पिंजारी गर्दीतून पुढे आला, "भाऊले काऊन तरास देता? आना इकडे, मी पितो!" आणि त्यानं पेल्याला हात घातला.

रहेमतुल्लानं पेला त्याच्या हातातून हिसकावून जमिनीवर ओतला.

"हे पानी साफ दिसते," तो म्हणाला. "साफ नाई. हे उसाचं पानी आहे, मानसाचं नाई. पटकी डोयाले दिसत नाई, साहेब. मी आज प्यालो तं उद्या हा रज्जाक पिईन, परवा त्याचे लेकरं पितीन. माही बहीन डोयाले साफ दिसनारं पानीच प्याली होती. प्याचं पानी त्या विहिरीत आहे, अन् ही टाकी त्या पान्याची राखन कराले आहे. सही कराची तं यासाठी करा. तमाशासाठी करू नोका."

साहेबानं फाउंटन पेनचं टोपण लावलं. जो स्वतः पीत नाही त्याच्या टाकीवर मी कसा भरवसा ठेवू, असं म्हणून तो मोटारीत बसला. खालच्या वस्तीतली माणसंही तोंडं फिरवून गेली. एक घोट प्यायला असता तर काय मेला असता, असं त्याच्याच मोहल्ल्यातले बोलले. त्या दिवशी या माणसाच्या बाजूनं दोन बायका सोडून कोणी नव्हतं. अमीनाबीनं त्याचे चिखलाचे पाय धुतले आणि म्हणाली, "बेटा, नसीमा असती तं तुले शाबास म्हनली असती." तेव्हा तो रडला.

महिन्याभरात उद्धटपणाबद्दल त्याला नोकरीवरून काढलं. पत्र माझ्या अक्षरात. गटाराच्या शेवटी दोन तोंडं होती, एक टाकीकडे, एक सरळ नाल्याकडे. नाल्याचं तोंड उघडं ठेवावं असा ठराव झाला. ते तोंड अडवायची सागाची जाड फळी निवृत्तीनं काढली, आणि गटार नाल्याकडे धावलं.

अर्ध्या तासात रहेमतुल्लानं फळी परत लावली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता निवृत्तीनं काढली. सव्वादहाला रहेमतुल्लानं लावली. तिसऱ्या दिवशी तसंच. होळी गेली, उन्हाळा गेला, पाऊस आला. तो भर पावसात गोणपाटाची खोळ घेऊन गटारात उभा. मी नोटिसा लिहीत होतो, त्यांच्या उलट बाजूला त्याचं उत्तर येत होतं, "नोटीस पोचली. फळी लावली आहे." अशा एकतीस नोटिसा. पोटासाठी तो लोकांच्या विहिरी नि पायऱ्या बांधून द्यायचा, पण कुठेही कामाला गेला तरी दहा वाजता गटारावर हजर. रस्त्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, "रहेमतुल्लाभाई, पालथ्या घड्यावर पाणी कशाला? ते रोज काढणार."

"त्याहीले काढाचा पगार आहे, नारायणराव," तो म्हणाला. "मले नाई. पाहू कोन पह्यले थकते."

त्या श्रावणात जिल्ह्यात पटकीचा फेरा आला. खालच्या वस्तीत एकही माणूस गेला नाही. मग लोकांची तोंडं बदलली. रज्जाक पिंजारी भेंडीच्या काड्या ठेचायला यायला लागला.

भगवंतरावांना हे सोसवेना. त्यांनी खटला भरला, कमेटीच्या कामात अडथळा. दंड झाला. रहेमतुल्ला उभा राहून म्हणाला, "दंड भरला तं चुकलो असं होईन. मी चुकलो नाई." सात दिवसांची साधी कैद. त्याला बुलढाण्याला नेलं त्या सकाळी अध्यक्षांनी निवृत्तीला बोलावलं. मी शेजारी उभा होतो. "दहा वाजता फळी काढ," ते म्हणाले, "अन् दिवसभर तिथंच बस. फळीजवळ कोनालेच येऊ देऊ नोको. त्या दोन बाया आल्या तं हाकलून लाव. कोनी हात लावला तं तुही नोकरी गेली समज." मग मला म्हणाले, "तुम्ही दुपारी जाऊन पाहून या अन् रोजचा रिपोर्ट लिहा."

दुपारी मी निघालो. वाटेत मला ती विहीर दिसली, पाणी भरणाऱ्या बाया दिसल्या. सात दिवस नाल्यात गटार. मागे एक दिवस गेलं तर सतरा माणसं गेली होती. त्या धुण्याचा हुकूम मी लिहिला, बडतर्फीचं पत्र मी लिहिलं, आता हेही मीच लिहिणार. मला माझ्या अक्षराची शिसारी आली.

बांधाशी पोचलो. नाला कोरडा होता. फळी लावलेली होती, गटार टाकीकडे वळलेलं होतं, मडक्यातून भेंडीचं पाणी ठिबकत होतं. फळीवर निवृत्ती बसला होता, काठी आडवी मांडीवर. समोर सत्यभामाबाई आणि अमीनाबी उभ्या, दोघी गोंधळलेल्या.

"निवृत्ती, हे काय?" मी म्हटलं. "फळी काढायचा हुकूम होता."

"काढली ना साहेब. बरोबर दहाले काढली. या बायाहीले पुसा."

"मग लावली कोणी?"

"मी लावली." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "फळीजवळ कोनालेच येऊ देऊ नोको म्हनले ते. सकाळपासून कोनाले येऊ देल्लं नाई. या दोघी आल्या, याहीलेबी हाकललं. माही लेक माळीपुऱ्यात देल्ली आहे, नारायणराव. वर्षभर मी फळी काढून राह्यलो, अन् ते लावते म्हनून रात्री भाकर खाऊन राह्यलो. आता ते नाई तं कोन लावन?"

नोकरी त्याची, पोरंबाळं त्याची, आणि मी मात्र इतकी वर्षं दौतीच्या आड लपलो होतो. मी कचेरीत परत आलो आणि रिपोर्ट लिहिला, "दहा वाजता फळी काढली. पहारा चोख आहे. पहारेकऱ्याखेरीज कोणासही फळीजवळ येऊ दिले नाही." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. भगवंतरावांनी खूश होऊन सही केली. सात दिवस मी हेच लिहिलं, सात दिवस त्यांनी सही केली.

आठव्या दिवशी रहेमतुल्ला सुटून आला तो घरी न जाता सरळ गटारावर. दाढी वाढलेली, बाह्या वर सारलेल्या, सात दिवसांचं नाल्यात गेलेलं पाणी डोळ्यांपुढे घेऊनच तो आला असणार. त्यानं कोरडा नाला बघितला, टाकीत फिरणारं पाणी बघितलं, आणि फळीला दोन्ही हात लावून तसाच उभा राहिला. निवृत्ती उठून बाजूला झाला. तेव्हा मीही तिथे होतो.

"कोनं लावली?" रहेमतुल्लानं विचारलं.

निवृत्तीनं माझ्याकडे बघितलं.

"कमेटीनं," मी म्हटलं.